लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंतचे दिवस कोण मोजणार?

मुलाच्या मेंदूत गाठ आहे असे कळले की उपचारांचा विचार सुरू होण्याआधीच आईवडिलांच्या मनात एक प्रश्न घर करतो: आमचे काय चुकले? त्याची उत्तरे द्यायला भोवतालची माणसे तयारच असतात. मोबाइल फार हातात दिला, लहानपणी डोक्यावर पडला होता, गरोदरपणात आईने पथ्य पाळले नाही, अशी कारणे सांगितली जातात आणि त्यातली बहुतेक बोटे आईकडे वळलेली असतात. गेल्या काही दशकांतील संशोधनाचे उत्तर मात्र जवळजवळ एकमुखी आहे: बहुसंख्य मुलांच्या बाबतीत घरच्या कुणाचेही काही चुकलेले नसते. या उत्तराने आईवडिलांना दिलासा मिळतो हे खरे, पण माझ्या मते त्याचा मोठा अर्थ सार्वजनिक आहे आणि तो आपण अजून नीट लावलेला नाही. जो आजार घरी काळजी घेऊन टाळता येत नाही, त्याच्या बाबतीत सारी जबाबदारी गाठ निर्माण झाल्यानंतरच्या काळावर येऊन पडते: ती किती लवकर ओळखली गेली, तिची नोंद झाली का, ती नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे तपासले गेले का, आणि उपचारांनंतरच्या दीर्घ आयुष्यात त्या मुलाची विचारपूस कुणी केली का. ही कामे व्यवस्थेची आहेत आणि त्यांचा हिशेब समाजाने मागितला पाहिजे.

हा आग्रह का, हे समजण्यासाठी आधी या गाठींची रीत पाहावी लागेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जगभरच्या नोंदवह्यांमधून २००१ ते २०१० या काळातील जी माहिती एकत्र केली, तिच्यानुसार १५ वर्षांखालील दर दहा लाख मुलांमागे दरवर्षी सुमारे ४६ मुलांना रक्ताचा कर्करोग होतो आणि सुमारे २८ मुलांच्या मेंदूत किंवा मज्जासंस्थेच्या मध्यवर्ती भागात गाठ निर्माण होते. मुलांमध्ये आढळणाऱ्या घन गाठींत, म्हणजे रक्तात न पसरता एखाद्या जागी गोळा धरणाऱ्या गाठींत, मेंदूच्या गाठींचा क्रमांक पहिला लागतो. मृत्यूंचा हिशेब याहून बोलका आहे. अमेरिकेत १ ते १९ वर्षे वयोगटात कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये पूर्वी रक्ताचा कर्करोग सर्वांत पुढे असे. २०१४ पर्यंत ती जागा मेंदूच्या कर्करोगाने घेतली होती. मेंदूचा आजार अचानक वाढला म्हणून हे घडलेले नाही. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार, एकामागून एक पद्धतशीर चाचण्या करत, अनेक दशके सुधारत गेले आणि मेंदूच्या गाठींच्या बाबतीत तेवढी प्रगती झाली नाही, म्हणून क्रम बदलला.

या गाठी कोणत्या वयात आणि मेंदूच्या कोणत्या भागात होतात, याला एक ठळक शिस्त आहे. पहिल्या वर्षातील बाळांमध्ये त्या बहुधा मेंदूच्या वरच्या भागात आढळतात आणि त्यांचे प्रकारही वेगळे असतात. साधारण तीन ते दहा या वयात कवटीच्या मागच्या, खालच्या कप्प्यातील, म्हणजे लहान मेंदू आणि मेंदूस्तंभ यांच्या परिसरातील गाठींचे प्रमाण मोठे असते: लहान मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमा, संथ वाढणारा पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांच्या अस्तराशी संबंधित एपेंडिमोमा आणि मेंदूस्तंभात पसरणारा ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींपासून बनणारी गाठ. किशोरवय आले की चित्र पुन्हा बदलते; गाठी वरच्या भागात अधिक दिसू लागतात आणि बीजपेशींपासून बनणाऱ्या गाठी पुढे येतात. या बीजपेशींच्या गाठी पूर्व आशियात, विशेषतः जपान आणि कोरियात, इतर ठिकाणांपेक्षा अधिक आढळतात, आणि पिनियल ग्रंथीजवळच्या अशा गाठी मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये कितीतरी जास्त होतात. मेड्युलोब्लास्टोमाही मुलग्यांमध्ये अधिक होतो. प्रौढांमध्ये नेहमी दिसणारे मेनिंजिओमा, ग्लायोब्लास्टोमा किंवा दुसऱ्या अवयवातून मेंदूत पसरलेला कर्करोग हे प्रकार मुलांमध्ये विरळ असतात.

ही शिस्त मेंदूच्या घडणीतून येते. लहान मेंदूतील काही पेशी जन्मानंतरही बरेच महिने भराभर विभाजित होत असतात, कारण तो भाग अजून बांधला जात असतो. या विभाजनाला चालना देणाऱ्या रासायनिक संदेशाचा खटका बंदच झाला नाही, तर मेड्युलोब्लास्टोमाचा एक प्रकार निर्माण होतो. मेंदूस्तंभातील ग्लायोमाच्या बहुतेक रुग्णांत गुणसूत्रे गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन नावाच्या प्रथिनातील एकच घटक बदललेला असतो, आणि त्या एका बदलामुळे पेशी परिपक्व होण्याऐवजी बालवयातील अवस्थेतच अडकून राहते. मुलांच्या गाठींमधील उत्परिवर्तनांची संख्या प्रौढांच्या गाठींपेक्षा कितीतरी पटींनी कमी असते. प्रौढाचा कर्करोग बहुधा आयुष्यभर साचत गेलेल्या हानीतून येतो. मुलाच्या शरीराला इतकी हानी साचायला वेळच मिळालेला नसतो. वाढ होताना पडलेली एखादी चूक इथे पुरेशी ठरते, आणि वाढ थांबवून ती चूक टाळता येत नाही.

बाहेरील कारणांचा शोध मनापासून घेतला गेला आहे, म्हणून त्याचे निष्कर्षही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. निर्विवादपणे सिद्ध झालेले बाह्य कारण एकच आहे, ते म्हणजे आयनीकारक किरणोत्सर्ग. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात डोक्यावरील गजकर्णासाठी हजारो मुलांना क्षकिरण दिले गेले. त्यांतील दहा हजारांहून अधिक जणांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला, आणि डोक्यातील मज्जासंस्थेच्या गाठी त्यांच्यात इतरांपेक्षा अनेक पटींनी अधिक झाल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ब्रिटनमधील पावणेदोन लाखांहून अधिक तरुण रुग्णांच्या २०१२ मधील अभ्यासाने असा अंदाज मांडला की दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याचे दहा हजार सीटी स्कॅन केले, तर त्यानंतरच्या दशकात मेंदूच्या गाठीचा साधारण एक रुग्ण जास्तीचा आढळेल. धोका आहे, पण तो छोटा आहे. गरज असताना स्कॅन नाकारण्याचे ते कारण होऊ शकत नाही, गरज नसताना तो न करण्याचे मात्र निश्चित होऊ शकते. मोबाइलच्या बाबतीत डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या चार देशांतील मुलांचा २०११ चा अभ्यास आणि त्यानंतर १४ देशांतील १० ते २४ वर्षे वयाच्या रुग्णांचा मोठा अभ्यास, या दोन्हींत फोनचा वापर आणि गाठ यांच्यात कारणसंबंध दिसला नाही. मुलांना मोबाइलपासून दूर ठेवण्याची इतर अनेक चांगली कारणे असतील, परंतु गाठ झालेल्या मुलाच्या आईला त्यावरून अपराधी ठरवण्यात कोणताही आधार नाही आणि थोडेही माणुसकीचे नाही.

उरतो तो आनुवंशिकतेचा भाग. साधारण दहापैकी एखाद्या मुलात गाठीमागे जन्मजात जनुकीय दोष असतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजाराच्या पहिल्या प्रकारात अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात आणि अशा सुमारे १५ ते २० टक्के मुलांमध्ये दृष्टिमज्जेच्या मार्गावर ग्लायोमा होतो; ट्यूबरस स्क्लेरोसिस, ली-फ्राउमेनी, गोर्लिन अशा इतर सिंड्रोमचेही आपापले ठरावीक प्रकार आहेत. या कुटुंबांना नियमित तपासणी आणि जनुकीय समुपदेशन मिळाले तर गाठ लवकर सापडू शकते. यातले अनेक दोष आईवडिलांपैकी कुणाकडूनही आलेले नसतात, ते त्या मुलातच नव्याने उद्भवलेले असतात. आणि ज्यांच्याकडून ते येतात, त्यांनी तरी ते निवडलेले कुठे असतात?

प्रतिबंधाची वाट इतकी अरुंद असल्याचे मान्य केले की पुढचा प्रश्न येतो: आपण या आजाराकडे पाहतो तरी किती? अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यावर मुलांच्या मेंदूतील गाठींचे प्रमाण एकाएकी वर चढले आणि मग त्या नव्या पातळीवर स्थिरावले. नवीन विषारी कारण शोधण्याचे प्रयत्न झाले, पण वाढीचा आकारच वेगळे काही सांगत होता. ती हळूहळू चढणारी नव्हती, एका पायरीसारखी होती, आणि नेमक्या त्याच सुमारास एमआरआय यंत्रे रुग्णालयांत येत होती. पूर्वी न दिसणाऱ्या संथ गाठी आता दिसू लागल्या होत्या. याची उलटी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील अनेक नोंदवह्यांत मुलांच्या मेंदूतील गाठी अत्यल्प दिसतात. तिथल्या मुलांना निसर्गाने काही खास संरक्षण दिले आहे असे मानायला फारसा आधार नाही. निदान होण्याआधीच ही मुले मरण पावतात आणि मृत्यूचे कारण ताप, मेंदूज्वर किंवा अपस्मार असे नोंदले जाते, किंवा नोंदलेच जात नाही, ही शक्यता कितीतरी अधिक आहे. म्हणून एखाद्या प्रदेशात हा आजार फारसा नाही असे कागदावर दिसत असेल, तर त्यावर समाधान मानण्याआधी तिथे किती मुलांचे स्कॅन होऊ शकतात हे विचारावे.

नोंदणीबद्दल आणखी एक मुद्दा नेहमी निसटतो. कर्करोगाच्या अनेक नोंदवह्या फक्त घातक गाठी मोजतात. मेंदूच्या बाबतीत ही वाटणी मुलांवर अन्याय करणारी आहे. क्रॅनिओफॅरिंजिओमा ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य दिसते, परंतु ती पियुषिका ग्रंथी आणि दृष्टिमज्जा यांच्या शेजारी वाढते; मुलाची नजर जाऊ शकते, उंची खुंटू शकते आणि पुढे आयुष्यभर संप्रेरकांच्या गोळ्या व इंजेक्शने घ्यावी लागतात. कवटीच्या आत जागा ठरलेली असते. तिथे सौम्य गाठही जीव घेऊ शकते. अमेरिकेने २००२ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि जानेवारी २००४ पासून मेंदूतील सौम्य गाठींचीही नोंद बंधनकारक केली. जिथे अशी तरतूद नाही, तिथे हजारो मुले आकडेवारीच्या दृष्टीने आजारीच नसतात, आणि जे आकडेवारीत नाहीत त्यांच्यासाठी खाटा, तज्ज्ञ आणि औषधे यांचा विचार कुणी करत नाही.

आता माझ्या मुख्य मागणीकडे येतो. मुलाला पहिले लक्षण दिसले त्या दिवसापासून निदान झाले त्या दिवसापर्यंत किती काळ गेला, हा आकडा प्रत्येक आरोग्यव्यवस्थेने मोजला पाहिजे आणि जाहीर केला पाहिजे. हे अशक्य नाही. ब्रिटनमध्ये २००६ च्या सुमारास हा कालावधी मध्यकाने (मीडियन) १४.४ आठवडे होता. म्हणजे निम्म्या मुलांना सव्वातीन महिन्यांहून अधिक काळ निदानाविना काढावा लागत होता. लक्षणांविषयीची मार्गदर्शक सूचना तयार झाली, २०११ मध्ये हेडस्मार्ट नावाची मोहीम सुरू झाली, पालकांना आणि पहिल्या पायरीवरील डॉक्टरांना लक्षणांची छोटी पत्रके देण्यात आली, आणि काही वर्षांत हा कालावधी ६.७ आठवड्यांवर आला. कोणतेही नवे औषध किंवा यंत्र यासाठी लागले नाही. आधी मोजले गेले, आणि मोजल्यामुळे सुधारता आले.

उशीर का होतो, हे समजून घेतल्याशिवाय ही मागणी डॉक्टरांवरचा आरोप वाटेल, आणि तो माझा हेतू नाही. मेंदूच्या गाठीची लक्षणे बालपणीच्या शंभर साध्या तक्रारींसारखीच असतात. सकाळी उठल्यावर होणारी उलटी पोटाच्या विकाराची समजली जाते. डोकेदुखीसाठी चष्म्याचा नंबर तपासला जातो. मान एका बाजूला कलती ठेवणे, चालताना झोक जाणे, अचानक तिरळेपणा येणे, अक्षर बिघडणे, चिडचिड किंवा सुस्ती वाढणे, किशोरवयीन मुलाची वाढ वा वयात येण्याची प्रक्रिया थांबणे, यांतील प्रत्येकाचे एखादे निरुपद्रवी स्पष्टीकरण हाताशी असतेच. त्यातच मूल दरवेळी वेगळ्या डॉक्टरांकडे वेगळ्या तक्रारीसाठी जाते. पोटाचे डॉक्टर पोट पाहतात, डोळ्यांचे डोळे पाहतात, आणि उलटी, तोल व नजर या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर कधी येतच नाहीत. उपयोगी पडते ती चिकाटीची आणि जोडीची खूण. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उलटी, चार आठवड्यांहून अधिक टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी डोकेदुखी, आणि विशेषतः वरीलपैकी दोन लक्षणे एकत्र दिसणे, एवढे निकष लक्षात ठेवणे कुणालाही जमण्यासारखे आहे. तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर नियमित मोजून आलेखावर टिपणे ही तर विनाखर्चाची तपासणी आहे, कारण टाळू भरलेली नसताना आतील दाब वाढला की डोके वेगाने मोठे होऊ लागते.

या मागणीवर दोन गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला असा की लवकर निदानाने जगण्याची शक्यता वाढते, हे आकड्यांत सरळ दिसत नाही; उलट ज्यांचे निदान लवकर होते, त्यांचे निकाल काही अभ्यासांत अधिक वाईट आढळले आहेत. ही गोष्ट खरी आहे आणि तिचे कारणही उघड आहे. अतिशय वेगाने वाढणारी गाठ थोड्याच दिवसांत तीव्र लक्षणे दाखवते आणि लगेच पकडली जाते, तर संथ गाठ महिनोन्महिने लपून राहते व तरीही बरी होते. त्यामुळे निदानाचा वेग आणि जगणे यांची सरळ तुलना दिशाभूल करते. पण मृत्यू हा एकच निकष का धरावा? पाणी तुंबून मेंदूवरील दाब वाढत गेलेल्या, बेशुद्धीच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या मुलावर रात्री तातडीने शस्त्रक्रिया करणे आणि तेच मूल चालत-बोलत असताना अनुभवी शल्यचिकित्सकाने ठरवून शस्त्रक्रिया करणे, यांत फार मोठा फरक आहे. संथ गाठीच्या बाबतीतच उशिराची किंमत बहुधा नजर देऊन मोजावी लागते, आणि गेलेली नजर गाठ काढल्यावर परत येतेच असे नाही. शिवाय ज्या आईने चार महिने दारोदार फिरून “काहीतरी बिघडले आहे” असे सांगितले आणि जिला घाबरट ठरवले गेले, तिचा उपचारांवरचा विश्वास पहिल्याच दिवशी तडकलेला असतो. याचेही मोल आहे.

दुसरा आक्षेप अतितपासणीचा आहे. डोकेदुखी असलेली मुले लाखोंनी आहेत आणि गाठ असलेली फारच थोडी. प्रत्येकाचा स्कॅन केला तर यंत्रे अपुरी पडतील, सीटीमुळे अनावश्यक किरणोत्सर्ग होईल आणि लहान मुलांना एमआरआयसाठी भूल द्यावी लागेल. हा आक्षेप मला पटतो, आणि म्हणूनच सरसकट स्कॅनची मागणी मी करत नाही. सरसकट चाळणी इथे चुकीची ठरेल. पाहिजे आहे ते असे की लक्षणांची जोडी किंवा टिकाऊपणा दिसला की मुलाच्या मज्जासंस्थेची पूर्ण तपासणी व्हावी, डोळ्यांचा पडदा पाहिला जावा, चालणे पाहिले जावे, आणि संशय उरला तर ठरलेल्या मुदतीत एमआरआय व्हावा. स्कॅन ठरावीक आठवड्यांच्या आत झाला का, एवढे मोजले तरी व्यवस्थेतील अडथळा कुठे आहे ते कळते: पालक उशिरा आले, डॉक्टरांनी ओळखले नाही, पुढे पाठवले नाही, की यंत्राची पाळी आली नाही. या चारही अडथळ्यांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि न मोजता त्यांतला नेमका कोणता करायचा हे ठरवता येत नाही.

निदान वेळेवर झाले तरी ते नेमके असले पाहिजे. मेड्युलोब्लास्टोमाचे वर्णन पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग यांनी १९२५ मध्ये केले आणि त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे तो एकच आजार मानला गेला. २०१२ मध्ये संशोधकांनी एकमताने त्याचे जनुकीय दृष्ट्या चार गट मान्य केले. त्यांतील विंट नावाच्या गटातल्या, साधारण दहा टक्के, मुलांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास मुले पाच वर्षांनंतर जिवंत असतात. तिसऱ्या गटातील मुलांचे भवितव्य याच्या तुलनेत बरेच अंधुक असते. चारही गटांना पूर्वी मेंदू आणि मज्जारज्जूवर सारखेच विकिरण दिले जात असे. मुलाच्या वाढत्या मेंदूवर विकिरण म्हणजे बुद्धीची गती मंदावणे, उंची खुंटणे, थायरॉइड बिघडणे, पुढे पक्षाघात किंवा दुसरा कर्करोग होण्याची शक्यता. ज्याला कमी मात्रा पुरेशी आहे त्याला जास्त देणे आणि ज्याला जास्त हवी त्याला कमी देणे, या दोन्ही चुका टाळायच्या असतील तर गट माहीत असलाच पाहिजे. याच संदर्भात दोन धडे मोलाचे आहेत. तीन ते सात वर्षांच्या मुलांना २३.४ ऐवजी १८ ग्रे (ग्रे हे विकिरणाच्या मात्रेचे एकक) इतके कमी विकिरण देऊन पाहणाऱ्या मोठ्या चाचणीत कमी मात्रेच्या गटात आजार अधिक उलटला. आणि विंट गटातील मुलांना विकिरण पूर्णपणे वगळून फक्त शस्त्रक्रिया व केमोथेरपीवर ठेवण्याचा एक छोटा प्रयत्नही आजार उलटल्यामुळे लवकर थांबवावा लागला. चांगल्या हेतूने केलेली कपातही चाचणीत सिद्ध झाल्याशिवाय सर्वांना लागू करता येत नाही, आणि अशा विरळ आजारात चाचणी तेव्हाच शक्य होते जेव्हा अनेक देशांतील मुले एकाच पद्धतीने तपासली आणि नोंदली जातात.

मेंदूस्तंभातील पसरणाऱ्या ग्लायोमाची कहाणी याहून कठोर आहे. निम्मी मुले निदानानंतर वर्षभरही जगत नाहीत आणि दोन वर्षांनंतर दहातले एखादेच मूल उरते. चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी कॅरन जानेवारी १९६२ मध्ये मेंदूस्तंभातील गाठीनेच गेली. त्यानंतरच्या सहा दशकांत जगण्याचा काळ किती थोडा वाढला, हे पाहिले की मन खिन्न होते. प्रौढांच्या ग्लायोमावर उपयोगी पडणारे टेमोझोलोमाइड हे औषध या मुलांना दिले गेले, त्याचा लाभ झाला नाही, कारण हा आजारच वेगळा होता. तो वेगळा आहे हे २०१२ मध्ये हिस्टोनमधील बदल सापडल्यावर कळले, आणि त्या शोधासाठी लागलेल्या पेशींचा मोठा भाग मृत मुलांच्या आईवडिलांनी संशोधनासाठी दिला होता, कारण एवढ्या नाजूक जागेतून बायोप्सी घेणे तोवर बहुतेक ठिकाणी टाळले जात असे. शोकाच्या पहिल्या तासांत त्या आईवडिलांनी घेतलेल्या निर्णयातून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात या आजाराला स्वतःचे नाव मिळाले. २०२१ च्या आवृत्तीत बालवयातील ग्लायोमांना प्रौढांच्या ग्लायोमांपासून वेगळे स्थान देण्यात आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने याच बदलावर आधारलेल्या डोर्डाविप्रोन या औषधाला, आजार पुन्हा बळावलेल्या रुग्णांसाठी, त्वरित मान्यता दिली. थोड्याच रुग्णांत गाठ आकसते, तरी इतक्या वर्षांनंतर काही हाती आले आहे.

संथ ग्लायोमांमध्ये चित्र अधिक आशादायक आहे. बीआरएएफ जनुकातील बदल ओळखून दिली जाणारी औषधे २०२३ आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी मान्य झाली, आणि काही मुलांना त्यामुळे दीर्घ केमोथेरपी किंवा विकिरण टाळता येते. अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर आणि २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने, प्रौढांसाठीच्या नव्या कर्करोग औषधाचे लक्ष्य मुलांच्या कर्करोगातही महत्त्वाचे असेल तर ते मुलांमध्ये तपासण्याची अट कंपन्यांवर घातली. विरळ आजाराला बाजारपेठ लहान असते, म्हणून अशी सक्ती सर्व मोठ्या नियामकांनी करावी असे माझे ठाम मत आहे. मात्र गाठीची जनुकीय तपासणीच जिथे होत नाही तिथे ही औषधे असून नसल्यासारखी आहेत. तिथल्या मुलाला सरासरी मुलासाठी ठरवलेला उपचार मिळतो, आणि असे सरासरी मूल कुठेच नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला आणि २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत असे लक्ष्य ठेवले. सध्या श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. उपक्रमासाठी निवडलेल्या सहा निर्देशक कर्करोगांत संथ ग्लायोमाचा समावेश आहे. ही निवड मला योग्य वाटते, कारण या गाठीला एमआरआय, कुशल शल्यचिकित्सक, विकृतिशास्त्रज्ञ, विकिरण आणि दीर्घ पाठपुरावा असे सगळेच लागते. जी व्यवस्था तिच्यावर नीट उपचार करू शकते, ती इतर गाठींवरही करू शकेल. तरीही केवळ जगण्याचे लक्ष्य मुलांच्या मेंदूच्या बाबतीत अपुरे आहे. पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमाची ९० टक्क्यांहून अधिक मुले दहा वर्षांनंतरही जिवंत असतात, परंतु त्यांतील काहींना दिसत नाही, काहींचा तोल जातो, काहींना वर्गात शिकवलेले टिपून घ्यायला दुप्पट वेळ लागतो. मेड्युलोब्लास्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चारपैकी एका मुलाची वाचा काही दिवस वा महिने जाते, आणि ती परत आली तरी पूर्वीसारखी असतेच असे नाही. केमोथेरपीतील सिस्प्लॅटिन या औषधामुळे ऐकू येणे कमी होऊ शकते. शाळेला हे मूल आळशी किंवा हट्टी वाटते, कारण बाहेरून पाहता आजार संपलेला असतो.

म्हणून नोंदवहीत मूल जिवंत आहे की नाही एवढीच खूण करून भागणार नाही. निदानाला किती दिवस लागले, गाठीचा जनुकीय गट कोणता, विकिरणाची मात्रा किती होती, आणि पाच, दहा व वीस वर्षांनंतर त्या मुलाची नजर, श्रवण, संप्रेरके व शिक्षण यांची स्थिती काय आहे, हे सगळे त्याच नोंदीत जोडले गेले पाहिजे. सज्ञान झाल्यावर बालरुग्णालयाचे दार बंद होते आणि प्रौढांच्या रुग्णालयात त्या जुन्या उपचारांचा कागद कुणाकडे नसतो. तो कागद, म्हणजे उपचारांचा पूर्ण गोषवारा आणि पुढील तपासण्यांचे वेळापत्रक, प्रत्येक मुलाच्या हाती देणे सक्तीचे असावे. यासाठी लागणारा खर्च एका विकिरण यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे. आरोग्यखात्यांनी प्रतिबंधाच्या जाहिरातींसाठी राखलेल्या पैशातील थोडा भाग तरी, जिथे प्रतिबंध शक्यच नाही अशा या मुलांच्या निदानाचा काळ मोजण्यावर आणि त्यांच्या पाठपुराव्यावर खर्च करावा, आणि दरवर्षी तो आकडा लोकांपुढे मांडावा.